बंद म्हणजे कसं बंद

"परत म्हण."

हे काकांचं पालुपद होतं. त्यांच्या घरी गेलात आणि चहाला "साखर कमी" म्हणालात, की काका हातातलं पातेलं तसंच धरून उभे राहायचे. मग तुमच्याकडे रोखून बघत म्हणायचे, "साखर कमी." नवखा माणूस गोंधळून नुसता हसायचा. आपण "बरोबर" म्हटल्याशिवाय हा गृहस्थ शेगडीला हात लावणार नाही, हे त्याला कुठून ठाऊक असणार? आणि काकांनी तुम्हाला काही सांगितलं, तर ते तुम्ही जसंच्या तसं परत म्हणायचं. "उद्या अकरा वाजता निघू" ही एवढीशी गोष्टही ते परत म्हणवून घ्यायचे. नुसतं "हो काका" चालायचं नाही.

तुमच्याही ओळखीत असेल असा कोणी, नोकरीतली शिस्त घरात आणणारा. आमच्याकडे एक निवृत्त मास्तर होते, ते लग्नाच्या पंगतीत पोरांना उंचीप्रमाणे बसवायचे. काकांची शिस्त वीज कंपनीच्या कंट्रोल रूममधली. तिथे नियमच असा: फोनवर एकाने सांगायचं, दुसऱ्याने तेच परत म्हणायचं, पहिल्याने "बरोबर" म्हणायचं, आणि मगच कशाला हात लावायचा.

त्यांची दुसरी खोड 'बंद' या शब्दाची. इंडियन स्टोअरच्या पटेलभाईंनी हौसेने मराठीत सांगावं, "काका, दुकान उद्या बंद आहे," की काका विचारणार, "बंद म्हणजे कसं बंद?" पटेलभाई बिचारे सांगायचे, बंद म्हणजे काका, कुलूप. आमच्या मंडळाच्या गणपतीत कोणी म्हणालं की माइक बंद आहे, तरी तेच. लोक त्यांना हसायचे आणि माझ्याकडे बघून डोळे मिचकावायचे. मला हसू यायचं नाही. त्या प्रश्नाचं मूळ माझ्या उजव्या हातात आहे.

मी मूळचा वर्ध्याचा. शिकायला म्हणून कॅन्ससला आलो आणि इथल्याच वीज कंपनीत चिकटलो. डॅलसच्या बाजूला गेलेले माझे मित्र अजून विचारतात, तिथे आहे काय रे? त्यांना काय सांगू? गवत आहे. गाव संपतं तिथून गवत सुरू होतं आणि आभाळाला टेकेपर्यंत तेच असतं. वाऱ्याला अडवायला काही नाही, त्यामुळे तो बारा महिने अंगात आल्यासारखा वाहतो. गावाच्या दक्षिणेला शेवटची घरं संपली की डाव्या हाताला आमचं सबस्टेशन. तारेचं उंच कुंपण, आत खडी पसरलेलं यार्ड, लोखंडी सांगाडे, ट्रान्सफॉर्मर, आणि एकसुरी गुं-गुं. पलीकडच्या कुरणातल्या गायी त्या आवाजाला इतक्या सरावल्या होत्या की कुंपणाला पाठ लावून रवंथ करायच्या.

मी यार्डात, काका शहरातल्या कंट्रोल रूममध्ये. ते तिथे इतके जुने होते की पडद्यावर नकाशे येण्याआधीपासून अख्खं जाळं त्यांनी डोक्यात बाळगलेलं. मला मात्र ते मराठी आहेत याचा पत्ताच नव्हता. फोनवर अमेरिकन वळणाचं इंग्रजी बोलायचे आणि नाव आखूड करून घेतलेलं. एकदा फोन कानाशी असताना माझ्या पायावर पाना पडला आणि तोंडातून "च्यायला" निघून गेलं. मग हळूच आवाज आला, "कुठले तुम्ही?"

"वर्धा."

"मी नाशिकचा. जेवलास का?"

एका वाक्यात तुम्हीचं तू झालं. त्या दिवसापासून आमचं कामाचं बोलणं मराठीत व्हायला लागलं. काकू जाऊन त्यांना दोन-तीन वर्षं झाली होती. मुलगी डॅलसजवळच्या फ्रिस्कोला, तिची मुलं इंग्रजीत उत्तरं देणारी. मराठी बोलायला माणूस मिळाला तसे काका सुटलेच. आधी कामाचं बोलायचे, मग मसाला कुठला चांगला, मग नाशकातली मिसळ, मग पुन्हा कामाचं. परत म्हणायचा नियम इंग्रजीतला होता. आपल्या माणसाशी मराठीत बोलताना तो पाळायचा असतो, हे दोघांच्याही डोक्यात आलं नाही. जेवलास का विचारणाऱ्या माणसाला कोणी "जेवलास का, बरोबर?" असं म्हणतं का?

शनिवारी-रविवारी ते उगाच यार्डावर यायचे. वसंतात तिथल्या खडीत एक पक्षी अंडी घालतो. इथे त्याला किलडिअर म्हणतात, पण तो आपल्या टिटवीचा सख्खा भाऊ. खडीसारखीच अंडी, पाय पडेपर्यंत दिसत नाहीत. आपण जवळ गेलो की मादी एक पंख जमिनीवर फरफटत लांब पळते. पंख मोडलाय असं वाटून आपण तिच्यामागे जावं आणि अंडी वाचावीत, एवढाच तिचा हेतू. काका दर वर्षी त्या अंड्यांभोवती नारिंगी कोन ठेवायचे आणि आम्हा सगळ्यांना गाडी वळसा घालून न्यायला लावायचे. मी म्हटलं, "काका, आमच्याकडे टिटवी ओरडली की अशुभ मानतात."

"तिची पोरं तुडवली जातायत म्हणून ती ओरडते," काका म्हणाले, "आणि नाव हिचं खराब."

त्याच ऋतूतली गोष्ट. इथे वसंतात शेतकरी कुरणं पेटवून देतात, म्हणजे नवं गवत जोमाने येतं. आभाळ धुराने पिवळट झालेलं. मला यार्डातल्या एका लोखंडी पेटीत काम करायचं होतं. तिची वीज शहरातून, काकांच्या समोरच्या पडद्यावरून चालू किंवा बंद व्हायची. मी फोन लावला. गप्पा दह्याच्या चालल्या होत्या, कारण आमच्याकडे थंडीपासून दही लागत नव्हतं.

"ओव्हनमध्ये ठेव," काका म्हणाले. "ओव्हन बंद ठेवायचा, फक्त आतला दिवा लावायचा. सकाळी दगडासारखं दही."

"बघतो. काका, ती कोपऱ्यातली पेटी बंद आहे ना?"

"हो, बंद आहे."

आता हे नीट समजून घ्या, कारण सगळं घोडं इथेच पेंड खातं. विजेच्या धंद्यात इंग्रजीतलं 'क्लोज्ड' म्हणजे टोकं जुळलेली, वीज चालू. 'ओपन' म्हणजे टोकं सुटलेली, वीज नाही. आपल्या घरात याच्या नेमकं उलटं. आपण दिवा बंद कर म्हणतो तेव्हा वीज नको असते. काकांच्या पडद्यावर त्या पेटीपुढे लाल अक्षरात 'क्लोज्ड' लिहिलेलं होतं. त्यांनी डोळ्यांनी इंग्रजी वाचलं आणि तोंडाने त्याचं मराठी केलं. मी ते वर्ध्याच्या कानांनी ऐकलं. टेस्टर माझ्या खिशात होता. तो लावून बघायचा असतो. आपल्या माणसाने सांगितलंय म्हटल्यावर मी तो बाहेर काढला नाही.

पुढचं मला फार आठवत नाही. मोठा पांढरा उजेड, आणि जळलेल्या केसांचा वास. जीव वाचला. उजव्या तळव्याची कातडी गेली, मांडीची कातडी काढून तिथे बसवली. मधली दोन बोटं आजही पुरती मिटत नाहीत.

दवाखान्यात शुद्धीवर आलो तर बाजूला काका. हातात डबा. दहीभात. दही त्यांच्या ओव्हनमध्ये लावलेलं. त्यांनी चमच्याने मला भरवलं. मी खात राहिलो.

मग चौकशी. कंट्रोल रूमचे फोन टेप होतात, त्यामुळे आमचा दह्यासकट सगळा संवाद कंपनीकडे होता. त्याचं इंग्रजी भाषांतर कुठल्याशा एजन्सीकडून करून घेतलेलं. चौकशी करणाऱ्या साहेबांनी ते वाचून दाखवलं. प्रश्न: पेटी क्लोज्ड आहे ना? उत्तर: हो, क्लोज्ड आहे. साहेबांनी चष्मा काढला आणि मला विचारलं, "ती क्लोज्ड आहे असं त्यांनी तुम्हाला स्पष्ट सांगितलं. ती क्लोज्डच होती. मग तुम्ही हात का घातला?"

"सर, क्लोज्ड म्हणजे ऑफ."

"कुठल्या भाषेत?"

मी म्हटलं, दह्याचं वाक्य वाचा, तिथे बंद म्हणजे ऑफ आहे. त्यांनी वाचलं. भाषांतरात होतं, ओव्हन क्लोज्ड ठेवायचा. साहेब म्हणाले, "अर्थातच. ओव्हनचं दार कोण उघडं ठेवतं?"

काका खुर्चीतून उठले. "माझ्याकडून चूक झाली," असं इंग्रजीत म्हणायला लागले, तर शेजारी बसलेल्या कंपनीच्या वकीलबाईंनी त्यांच्या बाहीला धरून खाली बसवलं. 'सॉरी' हा शब्द तोंडातून काढायचा नाही, तो कबुलीजबाब धरला जातो, असं त्यांना बजावलेलं होतं. साहेबांनी त्यांना समजावलं की कागदावर तुमचं उत्तर शंभर टक्के बरोबर आहे. मला लेखी समज मिळाली. काकांना काहीच नाही. वर कंट्रोल रूममध्ये फक्त इंग्रजी बोलायचं, असा नियम निघाला, आणि आम्ही दोघं एकमेकांना 'गुड मॉर्निंग' म्हणायला लागलो. अगदी कसंनुसं व्हायचं.

निकालाच्या दिवशी ते मला पार्किंगमध्ये भेटले. वाऱ्याने त्यांचे उरलेसुरले केस उभे राहिले होते. "इंग्रजीत मी सुटलो रे," काका म्हणाले. "मराठीत मला कोण सोडवणार?"

तेव्हा मी काहीतरी बोलायला हवं होतं. माझा हात ठणकत होता आणि ती समज खिशात होती. मी गाडीत बसलो.

तिथून पुढे काकांचं ते सगळं सुरू झालं. आठवड्यातून दोनदा डबा, आणि डब्यात पिठलं. त्यांना तेवढंच धड यायचं. गार झालेल्या पिठल्याचं काय होतं, ते तुम्हाला सांगायला नको. आमच्याकडे एक डबा संपायच्या आत दुसरा हजर. रिटायर झाल्यावर तर त्यांना वेळच वेळ. बर्फ पडला की सकाळी फावड्याचा खर्र-खर्र आवाज यायचा आणि पडदा सारून बघावं तर काका आमचा गॅरेजसमोरचा ड्राइव्हवे साफ करतायत. सत्तरी ओलांडलेला माणूस. मी पहिल्यांदा धावत बाहेर गेलो. ते म्हणाले, "तुला फावडं धरता येत नाही. आत जा." दुसऱ्यांदा मी हाक मारली. नंतर नंतर मी खिडकीतून बघत चहा प्यायचो. माणूस कशालाही सरावतो, त्या गायींसारखा.

बायको एकदा वैतागून म्हणाली, "अहो, दोघांनी एकदा समोरासमोर बसून काय ते बोलून टाका. नाहीतर मी आयुष्यभर पिठलं खाणार."

पण काका बोलत नव्हते आणि मी बोलत नव्हतो. त्यांना बोलायचं होतं, हे मला दिसायचं. आमच्याकडे जेवायला बसले की त्यांचं लक्ष माझ्या ताटात. मी भाताचा घास उचलला की न मिटणाऱ्या बोटांच्या मधून शितं गळायची. ते प्रत्येक शीत बघायचे. मग स्वतःचं जेवण त्यांना जायचं नाही. आणि खरं सांगू? कधी कधी मी मुद्दाम चमचा घ्यायचो नाही.

मुलगी त्यांना फ्रिस्कोला बोलवत होती. गुडघे गेलेले, रक्तदाब वर-खाली. दोनदा स्वयंपाकघरात पडले. ती मला फोन करायची, "दादा, तुम्ही सांगा ना बाबांना. इट्स नॉट सेफ." मी सांगितलं, तर काकांचं उत्तर ठरलेलं, "तुझा हात बरा झाला की जातो." हात बरा होणार नाही, हे डॉक्टरांनी त्यांच्यासमोरच सांगितलं होतं. म्हणजे मी या माणसाला इथे बांधून ठेवलं होतं, आणि काही न करता.

शेवटी मी ठरवलं. महिनाभर रोज संध्याकाळी भात कालवून घास धरायची प्रॅक्टिस केली. अंगठा आतून दाबला की बोटं जरा वाकल्यासारखी दिसतात. तरी शितं गळतच होती. मग बायकोनेच युक्ती काढली. त्या दिवशी तिने भात चांगला गुरगुट्या केला, पाणी दुप्पट घालून, आणि वर साजूक तूप. काका समोर बसले. मी कालवलं, घास उचलला, तोंडात घातला. एक शीत खाली पडलं नाही. दुसरा घास घेतला, मग तिसरा. टिटवी धड पंख मोडका दाखवते, मी मोडका हात धड दाखवत होतो.

"बघा काका," मी म्हटलं. "झाला बरा. आता तुम्ही बिनधास्त जा लेकीकडे. हा विषय आता बंद."

त्यांनी मान वर केली. "बंद म्हणजे कसा बंद?"

"मराठीतला बंद."

"परत म्हण."

"मराठीतला बंद, काका."

आता त्यांनी "बरोबर" म्हणायचं होतं. ते म्हणाले नाहीत. बायकोकडे वळून म्हणाले, "भात आज छान मऊ झालाय हो." आणि पहिल्यांदाच ताट स्वच्छ करून उठले.

महिन्याभरात ते गेले. मी गाडीत सामान ठेवायला गेलो, तर माझ्या हातातली बॅग काढून घेऊन त्यांनी स्वतः ठेवली. निघताना सबस्टेशनवरून गाडी न्यायला लावली. कुंपणापाशी थांबून खिडकीतून बघत राहिले. "कोन ठेवत जा रे," एवढंच म्हणाले. मी म्हटलं, "कोन ठेवत जाईन." ते म्हणाले, "बरोबर."

फ्रिस्कोहून दर रविवारी फोन यायचा. तिथे म्हणे कोपऱ्या-कोपऱ्यावर मराठी माणसं भेटतात, त्यामुळे काका खूश होते. सगळं विचारायचे. बायकोचा सर्दी-खोकला, यार्ड, वारा, गायीसुद्धा. हाताचं मात्र एकदाही विचारलं नाही. मला वाटलं, चला, सुटला बिचारा. आपण एक तरी चांगलं काम केलं. परवाच्या हिवाळ्यात काका गेले, झोपेतच. त्या आठवड्यात आमच्याकडे एवढा बर्फ होता की विमानं रद्द झाली. मला जाता आलं नाही. ड्राइव्हवे मी डाव्या हाताने साफ केला, जेवढा झाला तेवढा.

जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. काकांची मेल्यावरही गेली नाही.

दिवसकार्य झाल्यावर त्यांच्या मुलीचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलली. मग जरा थांबून म्हणाली, "दादा, एक विचारायचं होतं. हात कसा आहे तुमचा?"

"बरा आहे की."

"नाही, खरं सांगा. बाबा म्हणाले होते, 'मी विचारलं तर तो खोटंच सांगणार, आणि मला ते ऐकून घ्यावं लागणार. मी गेल्यावर तू विचार.'"

मी खुर्चीत बसलो. फोन उजव्या हातातून डाव्या हातात घेतला. "मधली दोन बोटं मिटत नाहीत," मी सांगितलं. "मिटणारही नाहीत. त्या दिवशी भात मऊ केलेला होता."

"ओके," ती म्हणाली. "मग आता मला एक म्हणायचंय. बाबांनी माझ्याकडून पाठ करून घेतलंय. सॉरी म्हणू नको म्हणाले, इंग्रजीत ते आधीच सुटलेत. मराठीत म्हणायचं. माझे उच्चार चुकतील, प्लीज हसू नका."

मी फोन कानाशी नीट धरला.

"माझं चुकलं," ती म्हणाली. च तिने चहातला म्हटला, आणि ळ वगैरे नव्हता म्हणून बाकीचं निभावलं.

स्वयंपाकघरातून बायको बाहेर येऊन दारात उभी राहिली. इतकी वर्षं मी काकांच्या तोंडून हे दोन शब्द ऐकायची वाट बघत होतो, आणि आले तेव्हा मला ते नको होते. त्या दिवशी फोनवर काकांचं वाक्य मी परत म्हटलं नव्हतं. मी नुसतं "पेटी बंद, म्हणजे वीज नाही" एवढं म्हटलं असतं, तर ते तिथल्या तिथे ओरडले असते, थांब. टेस्टर खिशात होता. पार्किंगमध्ये मला तोंड होतं. खिडकीतून बर्फ उपसणारे काका दिसत होते.

"दादा? आहात ना?"

"आहे."

"तुम्ही परत म्हणायचं असतं," ती म्हणाली. "बाबा म्हणाले, त्याला नियम माहीत आहे, तो म्हणेल. मग मी शेवटचं म्हणून फोन ठेवायचा. दॅट्स ऑल ही सेड."

फोनवर तिकडून तिच्या मुलांचा आवाज येत होता. ती थांबली होती. काका पातेलं धरून थांबायचे तशी.

"माझं चुकलं," मी म्हटलं.

"बरोबर," ती म्हणाली.